यॉर्कचे प्राचार्य, पिंपळ्याचा शेतकरी आणि आपण

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

प्राध्यापकाची कारकीर्द मोजायची कशी? आपल्याकडे त्याची एक ठरलेली रीत आहे. निवृत्तीचा समारंभ असला की परिचय वाचून दाखवला जातो. अमुक साली पदवी, अमुक साली अधिव्याख्याता, मग विभागप्रमुख, उपप्राचार्य, प्राचार्य, अमुक मंडळाचे सदस्य, तमुक समितीचे अध्यक्ष. टाळ्या होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, चहा होतो. यात काही वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. पण ही यादी ऐकताना मला नेहमी वाटते की या झाल्या जिन्याच्या पायऱ्या. इतके वर चढल्यावर त्या माणसाने काय पाहिले आणि जे पाहिले ते कोणाच्या कामी आले, हे या यादीत कुठे आहे?

या लेखात मी दोन प्राध्यापकांच्या कारकिर्दीकडे पाहणार आहे. एक समुद्र ओलांडून आपल्याकडे आले आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले. दुसरे आपल्यातूनच समुद्र ओलांडून गेले, अर्थशास्त्राच्या मोठ्या पदव्या घेऊन परतले आणि मुंबईत अर्थशास्त्राचे प्राध्यापक व पुढे प्राचार्य झाले. पहिले डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. या दोघांच्या विचारांची गाठ पडली ती एका खेड्याच्या आकड्यांवर. ते खेडे म्हणजे पिंपळे सौदागर. चाकणच्या चौकातील गर्दीने अडवले नाही, तर राजगुरुनगरहून सकाळी निघालेला माणूस तिथे जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परत येईल. म्हणूनच हा विषय आपला आहे, असे मला वाटते.

वाचक मित्रहो, हा विषय मला का सुचला तेही सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आजोबांची साडेचार एकर जमीन होती. तिघा भावांत वाटणी झाली आणि आमच्या वाट्याला दीड एकर आली, तीही दोन ठिकाणी. वडील शेत करतात आणि हंगाम नसेल तेव्हा चाकणच्या बाजूला ठेकेदाराकडे कामाला जातात. मी अर्थशास्त्र घेतले तेव्हा आईने पुस्तक हातात घेऊन उलटसुलट केले आणि विचारले, "यात आपल्या शेताचं काय लिवलंय गं?" मी तिला सीमांत उपयोगितेचा नियम सांगितला नाही. पण प्रश्न मनात राहिला. ग्रंथालयात शेतीविषयी मिळेल ते वाचताना मला पिंपळे सौदागर सापडले, आणि आईच्या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवले आहे, हे कळले.

आता मॅनसाहेबांविषयी. त्यांचा जन्म १८७२ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे झाला. शिक्षणाने ते रसायनशास्त्रज्ञ. १९०० साली चहामळेवाल्यांच्या संघटनेचे शास्त्रज्ञ म्हणून ते कलकत्त्याला आले. १९०७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले. पुढे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालक झाले आणि १९२७ साली निवृत्त होऊन मायदेशी परतले. तिथेही त्यांचे शेतीसंशोधन चालूच राहिले. १९६१ साली त्यांचे निधन झाले. झाला परिचय! यात अर्थशास्त्र हा शब्द एकदाही आला नाही. तरीही भारतातील खेड्यांच्या आर्थिक पाहणीचा इतिहास सांगायचा तर मॅन यांचे नाव अगदी आरंभी घ्यावे लागते.

ते का, हे समजून घेण्यासारखे आहे. मॅन यांच्या जन्मगावी, म्हणजे यॉर्क शहरात, सीबोम राऊंट्री नावाच्या गृहस्थांनी घरोघर जाऊन गरिबीची पाहणी केली आणि १९०१ साली ती प्रसिद्ध केली. मॅन यांनी तीच रीत रिजमाँट या इंग्लंडमधील एका शेतकरी खेड्याला लावून पाहिली. म्हणजे आपल्या देशातील गरिबीची मोजदाद त्यांनी पिंपळ्याच्या आधीच केली होती. पुण्यात आल्यावर त्यांनी शहरातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांच्या राहणीची पाहणी केली आणि १९१२ साली ती छापली. मग ते पिंपळे सौदागरला गेले. कॉलेजातील सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे हे सहकारी बरोबर होते. दख्खनच्या एका खेड्यातील जमीन आणि श्रम या विषयावरचा त्यांचा ग्रंथ मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालेत १९१७ साली निघाला. त्या मालेतील तो पहिलाच ग्रंथ.

त्या ग्रंथातले थोडे आकडे देते. आकडे म्हटले की आपल्या वर्गात जांभया सुरू होतात हे मला ठाऊक आहे, पण हे आकडे वाचताना माझी झोप उडाली. पिंपळे सौदागर येथे १७७१ साली, म्हणजे पेशवाईत, सरासरी धारणा ४० एकरांची होती. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली. १९१४-१५ साली ती उरली ७ एकर. शिवाय ही जमीन एका जागी नव्हती. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती. त्यांतले ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते, आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. म्हणजे वाढत्या कुटुंबाने जमिनीची भाकरी मोडता मोडता शेवटी प्रत्येकाच्या हाती चतकोर राहिली, आणि तीही वेगवेगळ्या ताटांत.

जमीन मोजून मॅन थांबले नाहीत, त्यांनी घरेही मोजली. १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला. जमिनीच्या उत्पन्नावर ज्यांचे नीट भागते अशी कुटुंबे निघाली फक्त ८. बाहेरच्या कमाईची जोड मिळाल्यामुळे ज्यांचे भागते अशी २८. आणि शेती व मजुरी दोन्ही करूनही ज्यांचे भागत नाही अशी ६७. पुढे त्यांनी कानिटकरांसह शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी केली. तो ग्रंथ १९२१ साली निघाला. तिथे १४७ पैकी १२५ कुटुंबे अशा तिसऱ्या वर्गात होती. पुण्याजवळच्या, नदीकाठच्या गावात शंभरातली पासष्ट घरे तुटीत, तर लांबच्या कोरड्या गावात पंच्याऐंशी. शिरूर म्हणजे आपला शेजारचा तालुका. आपल्या पणजोबांच्या पिढीचा संसार कसा चालत होता, हे याहून सरळ कोण सांगणार?

कोणी म्हणेल, मॅन हे परक्या सरकारचे नोकर होते, त्यांचे कसले कौतुक? हा आक्षेप टाकाऊ नाही. ज्या सरकारचा पगार ते घेत होते ते सरकार याच शेतकऱ्याकडून सारा वसूल करत होते. साहेबाला बंगला होता, पद होते, आणि गावात गेल्यावर पाटील-कुलकर्णी पुढे येऊन माहिती देत होते. ही सोय काही आपल्या कोणा गरीब अभ्यासकाला मिळाली नसती. पण आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. त्यांना पुण्यातच बसून कॉलेज चालवता आले असते. रसायनशास्त्रज्ञाने मातीचा नमुना तपासावा, कुणब्याच्या घरातील कर्ज कशाला तपासावे? ते त्यांच्या विषयात नव्हते, नोकरीच्या शर्तींतही नसावे. पण एकाच मातीत दोन घरांची अवस्था वेगळी का, हे नुसत्या मातीवरून सांगता येत नाही, म्हणून ते घरात गेले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली खरी बढती ती, आणि ती परिचयात कधी येत नाही.

आता दुसरी कारकीर्द. डॉ. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली तेथून एम. ए. झाले. पुढे लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तर राहायला जागा मिळेना. परदेशातून परतलेला हा विद्वान आपल्याच देशात उपरा ठरला. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. यॉर्कहून आलेल्याला आपल्या समाजाने प्राचार्याची खुर्ची दिली आणि रत्नागिरी जिल्ह्यातील घराण्याच्या मुलाला माठातले पाणी नाकारले. परका कोण आणि घरचा कोण, याचा विचार आपण करावा.

त्याच १९१८ साली आंबेडकरांचा भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यांवरील उपाय या विषयावरचा निबंध अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मॅन यांच्या पिंपळे सौदागरच्या पाहणीची दखल घेतली आणि तिच्याशी वादही घातला. मॅन यांच्या मते किफायतशीर धारणा म्हणजे सर्वसाधारण कुटुंबाचा किमान गरजेपुरता निर्वाह होईल एवढी जमीन. आंबेडकर म्हणाले, हे मोजमापच चुकीच्या बाजूने लावलेले आहे. घरात खाणारी तोंडे किती यावरून शेताचा आकार ठरत नाही. शेतावर लागणारे भांडवल, अवजारे, बैल आणि माणसे यांचे जमिनीशी प्रमाण काय, यावरून तो ठरतो. भांडवल भरपूर असेल तर लहान शेतही परवडते, आणि हाती काहीच नसेल तर मोठे शेतही तोट्यात जाते. मग दुखणे कुठे आहे? जमिनीवर गरजेहून अधिक माणसे टेकली आहेत, त्यांना दुसरे काम नाही, म्हणून ती जमीन फाडत राहतात. तुकडे कायद्याने जोडून हे थांबणार नाही. उद्योगधंदे वाढवा, जमिनीवरचा माणसांचा भार कमी करा, म्हणजे तुकड्यांचा प्रश्न बराचसा आपोआप हलका होईल. हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात छोट्या शेतकऱ्यांसंबंधीचे विधेयक आले तेव्हाही त्यांनी त्याला विरोध केला. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा शेवटी १९४७ साली झाला. तो आमच्या दीड एकराचे दोन तुकडे जोडू शकला नाही, एवढे मला ठाऊक आहे.

पुढे आंबेडकर १९२० साली पुन्हा लंडनला गेले, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला त्यांना डी. एस्‌सी. मिळाली. १९३५ ते १९३८ ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली तिचे सिद्धार्थ कॉलेज मुंबईत सुरू झाले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांच्या घरी आधी कोणी शिकलेले नाही अशांच्या पायाला जिन्याची पायरी लागावी एवढी ती खाली आणणे, हेही प्रशासकाचे काम आहे. आपल्या वर्गात रात्रपाळी करून येणारी मुले आहेत. त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मॅन यांनी रोग मोजला, आंबेडकरांनी औषध सांगितले. ते औषध पुढे खरोखरच आले, आणि आले तेही याच भागात! १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० साली आणि महानगरपालिका १९८२ साली झाली. मग उद्योग नाशिक रस्त्याने वर सरकत चाकणला आले आणि कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव मोटारींसाठी ओळखले जाऊ लागले. कनेरसर, दावडी, निमगावची जमीन विशेष आर्थिक क्षेत्रासाठी गेली. आणि पिंपळे सौदागर? तिथे आज उंच इमारती आहेत. मॅन यांनी ज्या पाव एकराच्या तुकड्याची नोंद केली, त्यावर आता कित्येक कुटुंबे एकावर एक राहत असतील.

मग प्रश्न असा की, औषध लागू पडले का? जमिनीवरचा भार कमी झाला का? की जमीनच गेली आणि माणसे तशीच राहिली? कंपनीचा रोजगार आला तो कायमचा की ठेकेदाराचा? ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात आलेला पैसा कुठे गेला: विहिरीत, शिक्षणात, लग्नात की गाडीत? भूमिहीनांना काय मिळाले, ज्यांच्या नावावर विकायला सातबाराच नव्हता? खोल्या बांधून भाड्याने देणाऱ्यांचे बरे चालले आहे असे दिसते. पण त्या खोल्यांत राहणारी मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारातली मुले मॅन यांच्या तीन वर्गांपैकी कोणत्या वर्गात बसतील? आज आपल्या तालुक्यात समुद्र नव्हे, पण जिल्हे आणि राज्ये ओलांडून आलेले ते आहेत.

या प्रत्येक प्रश्नावर आपल्या कट्ट्यावर जोरदार मते ऐकू येतात. एक म्हणतो, कंपन्यांनी तालुक्याचे सोने केले. दुसरा म्हणतो, वाटोळे केले. दोघांच्याही हातात आकडा नाही. दोघांनाही आपल्या चुलत्याचे एक उदाहरण ठाऊक असते, तेवढ्यावर वाद चालतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली स्थिती आहे. आपण परीक्षेत इंग्लंडमधील औद्योगिक क्रांतीचे परिणाम दहा गुणांसाठी लिहितो, आणि आपल्या दारात घडलेल्या क्रांतीचा परिणाम कोणी विचारला तर "काय सांगावं बुवा" म्हणतो.

सरकारजवळ आकडे असतील, असे एक उत्तर मिळते. असतीलही. पण २०२१ साली व्हायची जनगणना वेळेवर झाली नाही, आणि २०११ च्या आकड्यांवरून आजचे चाकण समजणार नाही. शिवाय सरकारचा कागद मालकाचे नाव सांगतो, त्याची चूल सांगत नाही. चूल पाहायला घरात जावे लागते. दुसरे उत्तर असे की, हे मोठ्या संशोधकांचे काम आहे. यावर माझे म्हणणे एवढेच की मोठ्या संशोधकाला आमच्या गावात कोणी चहा देऊन बसवील, पण कर्जाचा खरा आकडा सांगणार नाही. तो आकडा शेजारच्या आळीतल्या मुलीला सांगतील. आम्ही पहिल्या पिढीचे विद्यार्थी आहोत, आमचे इंग्रजी कच्चे आहे, संदर्भग्रंथ आम्ही फारसे पाहिलेले नाहीत, हे सर्व खरे. पण ज्या दारात जायला मॅनसाहेबांना पाटील बरोबर घ्यावा लागत असेल, त्या दारातून आम्ही रोज आत-बाहेर करतो. हे आमचे भांडवल आहे. ते आजवर कोणी खात्यावर धरलेले नाही, आम्हीसुद्धा नाही.

म्हणून गुरुजनांपुढे एक सूचना नम्रपणे ठेवते. दरवर्षी द्वितीय वर्षाच्या प्रकल्पासाठी आपण इकडून-तिकडून उतरवून काढलेले निबंध देतो, आणि ते कपाटात पडून राहतात. त्याऐवजी दरवर्षी तालुक्यातले एकच गाव घ्यावे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जमीन, रोजगार, कर्ज आणि खर्च विचारावा. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी पूर्वीची आणि आताची जमीन नकाशावर मांडावी. मराठीच्या विद्यार्थ्यांनी वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. कोणाचे नाव छापू नये, घराला फक्त क्रमांक द्यावा, म्हणजे लोक मोकळेपणाने बोलतील. वहीची एक प्रत ग्रंथालयात आणि एक त्या गावच्या ग्रामपंचायतीत ठेवावी. पाच वर्षांनी पुढच्या मुलांनी पुन्हा त्याच गावात जावे. भामा-आसखेडच्या बाजूचे एखादे गाव, चाकणला लागून असलेले एखादे, आणि चास-कमानच्या वरच्या अंगाचे एखादे, अशी तीन गावे जरी तीन वर्षांत झाली, तरी कट्ट्यावरच्या वादात आकडा येईल. याला फार पैसा लागत नाही. वह्या, पेन्सिली, एसटीचा पास आणि रविवारची सकाळ लागते. आणि बरोबर येणारे एक सर किंवा मॅडम लागतात.

एवढ्याने कोणाची जमीन परत मिळणार नाही आणि ठेकेदाराच्या मजुराला कायमची नोकरीही मिळणार नाही, हे मला समजते. पण ज्याचे माप घेतले जात नाही त्याच्याविषयी कोणीही काहीही बोलू शकतो, आणि गरिबाच्या बाबतीत तर ते नेहमीच बोलले जाते. मॅन यांच्या मोजमापाशी आंबेडकरांना वाद घालता आला, कारण मोजमाप होते. आपल्या तालुक्याविषयी पुढे कोणाला वाद घालायचा असेल, आमचे निष्कर्ष खोडायचे असतील, तर खुशाल खोडावेत. खोडण्यासाठी तरी काही लिहिलेले हवे.

यॉर्कहून आलेले एक प्राचार्य शंभर वर्षांपूर्वी पवनेकाठच्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याचा जमाखर्च लिहून घेत होते. भीमेकाठच्या कॉलेजातून निघायला आपल्याला समुद्र ओलांडायचा नाही, फक्त कॉलेजचे फाटक ओलांडायचे आहे. येत्या सत्रात कोण कोण येणार, ते सांगा. पहिले नाव माझे लिहून घ्या.